बंद घराची प्रश्नावली

खोटी भरलेली प्रश्नावली ओळखण्यात पंकजाअक्कांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुंभकोणमला आरोग्य संशोधन आणि संख्याशास्त्राचा पाच दिवसांचा वर्ग चालतो. नर्सेस, आरोग्य निरीक्षक, एखाददुसरा तरुण डॉक्टर असे वीसेक जण असतात. त्यांनी गावातून आणलेले रक्तदाबाचे आकडे अक्का एकदा वरून खाली वाचत आणि शांतपणे म्हणत, "हे तू झाडाखाली बसून लिहिलंस." मनाने लिहिणारा माणूस १३०, १४०, १५० असं लिहीत जातो. यंत्राला गोल आकड्यांची हौस नसते, ते १३७ दाखवतं, १४३ दाखवतं.

मी सोलापूरची. वर्षातून दोनदा त्या वर्गात संगणकाचा भाग शिकवायला जाते. अक्का एकोणसाठ वर्षांच्या, आरोग्य खात्यातून सांख्यिकी अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या, आता हा वर्ग शिकवतात. लग्न केलं नाही, धाकट्या भावाकडे, श्रीवत्सकडे राहतात. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात लिखापढी करायचे. घरात अजून मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. त्यांच्या तोंडून 'कोठे' आणि 'म्यां' ऐकताना मला वाटायचं, एखादं जुनं पत्र बोलतंय.

गेल्या मार्चमध्ये वर्गाचा चौथा दिवस जवळच्या साक्कोट्टै गावात होता. गावातल्या घरांच्या यादीतून संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखी चाळीस घरं निवडली होती. प्रत्येकाने दोन घरी जायचं, संमती घ्यायची, प्रश्न विचारायचे, तीनदा रक्तदाब मोजायचा. दुपारी आम्ही देवळाजवळच्या शाळेत परत जमलो आणि अक्का टॅबवर एकेक प्रश्नावली तपासू लागल्या.

सौम्या नावाच्या नर्सची दुसरी प्रश्नावली उघडली आणि त्यांचं बोट थांबलं. मी वाकून पाहिलं. सुब्बलक्ष्मी, वय एकोणसत्तर. मुलं तीन. दुसरं मूल अकरा महिन्यांचं असताना गेलं, सात दिवसांच्या तापाने. रक्तदाब १५३, १५१, १५२. सुरुवात दहा बेचाळीसला, शेवट अकरा एकोणीसला. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

"सौम्या, हे घर कुठलं?" अक्कांनी तमिळमध्ये विचारलं.

"गल्लीतलं शेवटचं, मॅडम. आजी एकट्याच होत्या. दंड इतका बारीक की पट्टा दोनदा गुंडाळावा लागला."

"चल. दाखव मला."

दहातलं एक घर फेरतपासणीला घ्यायचं असा नियमच आहे, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. मीही निघाले. ऊन रणरणत होतं. गल्लीच्या टोकाला एक बसकं कौलारू घर, समोर ओटा, दाराला कुलूप. कुलूप इतकं गंजलेलं की किल्लीचं भोकही बुजलेलं. उंबऱ्याच्या फटीत पिंपळाचं रोप वीतभर वाढलं होतं.

सौम्या पुढे गेली ती तशीच थबकली. "दार उघडं होतं," ती म्हणाली. "मॅडम, शप्पथ. मी इथे ओट्यावर बसले होते, आजी उंबऱ्यावर."

समोर शहाळी विकणारा मणी हातातला कोयता खाली ठेवून आला. "बावीस वर्षं इथे आहे मी. हे दार उघडलेलं पाहिलं नाही." मग सौम्याकडे बघून म्हणाला, "सकाळी ही मुलगी बसली होती खरी. दाराकडे तोंड करून बोलत होती. मला वाटलं, फोनवर असेल."

सौम्याने टॅब माझ्यापुढे धरला. ठिकाणाची नोंद यंत्राने आपोआप घेतलेली होती, याच ओट्यावरची, सदतीस मिनिटांची.

अक्का तिला रागावतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "प्रश्नांखेरीज काही बोलली का ती?"

सौम्या म्हणाली, "निघताना म्हणाल्या, मागे एक मुलगी आली होती, तिने माझ्या बाळाचं नाव विचारलं नाही. मी म्हटलं, आजी, फॉर्ममध्ये नावाला जागा नाही. तरी त्यांनी सांगितलं." ती घुटमळली. "मॅडम, गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत मला पाठ होतं. आता आठवतच नाही."

अक्का ओट्याला हात लावून उभ्या होत्या. कौलाखाली पारवे घुमत होते, ते एकदम गप्प झाले. आतून काही आवाज आला असं मी म्हणणार नाही. पण दारापलीकडे कुणीतरी आमचं बोलणं संपायची वाट बघतंय, असं मला वाटत राहिलं, आणि आम्ही तिघीही दाराकडे पाठ न करता मागे सरत गल्लीतून बाहेर आलो.

परतीच्या रिक्षात अक्का माझ्याशी मराठीत बोलल्या, सौम्याला कळू नये म्हणून.

"ती बाई कोठे नव्हतीच, अग. म्यां केली ती."

"केली म्हणजे?" मी विचारलं.

"चोवीस वर्षांची होत्यें. बालमृत्यूंची पाहणी होती. हे घर तीनदा बंद मिळालं. वरचा अधिकारी म्हणाला, आज गठ्ठा पुरा पाहिजे. देवळाच्या पायरीवर बसून म्यां ती प्रश्नावली भरली. सुब्बलक्ष्मी, वय चौतीस, मुलं तीन. एक गेलेलं दाखवलं, म्हणजे खरं वाटेल. अकरा महिने, सात दिवस ताप. सगळं मनचं." मग म्हणाल्या, "नाव तेवढं दिलं नाही. नावाला जागा नव्हती."

"योगायोग असेल, अक्का."

"किती आकड्यांचा योगायोग? तू मोज." त्यांनी पदराने मान पुसली. "पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांची खोटी पानं धरत्यें. ती कशी ओळखायची हे मी कोठे शिकल्यें, कोणी विचारलंच नाही."

पाचव्या दिवशी सकाळी संख्याशास्त्राच्या तासाऐवजी त्यांनी वर्गाला हे सगळं उभ्याने सांगितलं, तमिळमध्ये, आवाज न चढवता. सौम्या रडली. एक डॉक्टर आधी हसू दाबत होता, मग त्याचंही हसू मावळलं. त्याच आठवड्यात अक्कांनी खात्याला पत्र लिहिलं: अमक्या पाहणीतली अमकी प्रश्नावली मी न विचारता भरली, ती नोंद रद्द करावी. दोन महिन्यांनी उत्तर आलं. जुने कागद नष्ट केलेले आहेत, एका प्रश्नावलीने निष्कर्षात फरक पडत नाही. दुसरं वाक्य संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरं होतं. अक्कांनी ते वाचलं आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं श्रीवत्स मला फोनवर म्हणाला.

हा वर्ग चालवणाऱ्या केंद्राचे प्रमुख चंद्रमौली भला माणूस. त्यांनी सुचवलं, "ती गल्ली यादीतून काढून टाकू या."

"का म्हणून?" अक्का म्हणाल्या. "भीती वाटते म्हणून घर गाळलं तर तो नमुना कसला? राहू द्या."

ऑगस्टच्या वर्गात ते घर पुन्हा निघालं. संगणकाने काढलं, मी स्वतः बटण दाबलं होतं. ते आलं सूर्या नावाच्या आरोग्य निरीक्षकाकडे. मार्चची हकीकत त्याला कुणी सांगितलेली नव्हती. दुपारी त्याने अक्कांसमोर टॅब ठेवला. घर बंद, असं लिहिलं होतं.

"किती वेळा गेलास?"

"तीनदा, मॅडम. आठला, अकराला, एकला. कुलूप आहे. पण..." तो कानशील खाजवू लागला. "आत कुणीतरी साडीची झोळी बांधून मूल झोपवत असावं. दोरी तुळईवर घासते ना, तसं सारखं येत होतं. मी हाक मारली की थांबायचं. मग पुन्हा. दार कुणी उघडलं नाही, म्हणून मी 'बंद' लिहिलं. चुकलं का?"

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट बसली होती, पण आवाज नेहमीसारखाच होता.

"चुकलं नाही. खाली शेऱ्याचा रकाना आहे. जे ऐकलंस ते तिथे लिही, किती वाजता ते पण. मग मी सही करते."