एकशेवीस-ऐंशीची आकांक्षा

आमच्या गल्लीतल्या आकांक्षानं दवाखान्यात रिकाम्या खाटेचं बीपी घेतलं, एकशेवीस-ऐंशी लिहिलं आणि नर्सिंग कॉलेजानं तिला घरी बसवलं, ही बातमी जुन्या जालन्यात पिठाच्या गिरणीपासून भाजीच्या गाड्यापर्यंत पोचली. पोचवण्यात माझाही हातभार होता, तेव्हा दुरुस्तीही मीच करते. खाट रिकामी नव्हती. तिच्यावर भिवा नावाचा पेशंट होता. चादरीखाली दिसत नाही इतका बारीक, हा दोष त्याचा. आणि पोरीला कोणी घरीबिरी बसवलेलं नाही.

एकशेवीस-ऐंशी मात्र खरं. भिवाचं तेवढंच, शेजारच्याचं तेवढंच, अख्ख्या वॉर्डाचं तेवढंच.

पोरगी कामचुकार नाही. राजूरच्या तातेरावांची लेक, शिकायला आमच्या गल्लीत खोली घेऊन राहते, लेखी परीक्षेत वर्गात पहिली. पण दंडाला पट्टा बांधून कानात नळ्या घातल्या, की हिचा धीर सुटतो. ठोके ऐकू येतात भलत्याच आकड्याला, अन पुस्तकात तर नॉर्मल म्हणून एकशेवीस-ऐंशी छापलेलं. मला म्हणाली, "काकू, पुस्तक लिहिणारे येडे हायेत का? माझाच कान चुकून राह्यला." आणि पुस्तकातला आकडा लिहून मोकळी.

कॉलेजातल्या मॅडमनी बरोबर नस पकडली. गल्लीतल्या वीस माणसांचं बीपी घे, ऐकशील तेच लिही. वही तपासून पटली नाही तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायचं नाही.

पहिला हात माझा. तीनदा पट्टा फुगवला, तीनदा सोडला.

"काकू, बोलू नका."

"मी कुठं बोलून राह्यले? मी फक्त सांगून राह्यले."

माझी ओळ कोरी ठेवून ती गोजरबाईकडं गेली. मीही मागोमाग, अशी कामं मी दुसऱ्यावर सोडत नाही.

गोजरबाई म्हणजे डोकं दुखलं तर चहात आलं कमी पडलं म्हणणारी बाई. आकांक्षानं तिचा हात खाटेवर टेकवला, पट्टा बांधला, ऐकलं. चेहरा उतरला. थोडं थांबून पुन्हा ऐकलं. एकशे शहात्तर, शंभर. दोन्ही वेळा.

"वीस माणसांत एक तरी नापास पायजेच," मी म्हणाले.

तेवढ्यात सोमेश्वर सर आले. रिटायर मास्तर, मनगटाला बांधायचं बीपीचं मशीन कायम खिशात. त्यांनी ते गोजरबाईच्या मनगटाला बांधलं, बटण दाबलं. एकशे अडतीस.

"बघा," सर म्हणाले, "मशीनला काय पडलंय खोटं बोलायला?"

गोजरबाईनं सुटकेचा श्वास सोडला. आकांक्षाची पेन्सिल वहीवर आली. एक लिहिला, तीन लिहिला आणि हात थांबला. तिची नजर गोजरबाईच्या मनगटावर. सर नात्यानं गोजरबाईचे थोरले दीर. ते आल्यापासून तिनं डोक्यावरचा पदर धरून ठेवलेला, मशीनच्याच हातानं. मशीन तिच्या कानाच्याही वर.

"मावशी, हात खाली घ्या. मशीन छातीच्या बराबरीला पायजे, वर गेलं की आकडा कमी दावतं."

"अन पदर?"

आकांक्षा सरांकडं वळली. "सर, तुम्ही जरा भिंतीकडं तोंड करा."

चाळीस वर्षं पोरांना भिंतीकडं तोंड करून उभं केलेले सर मुकाट्यानं वळले. मशीन पुन्हा गुरगुरलं.

"किती आलं?" सरांनी भिंतीला विचारलं.

"माझ्या कानाला आल्तं तेवढंच, सर."

तिनं एक आणि तीन खोडले, एकशे शहात्तर लिहिलं आणि गोजरबाईला रिक्षात घातलं. "मला काय धाड भरली?" असं ती सरकारी दवाखान्याच्या दारापर्यंत विचारत होती. डॉक्टरांनी मोजलं, पोरीच्या आकड्यात अन त्यांच्यात दोनाचा काय तो फरक. त्याच दिवशी गोळी सुरू झाली. आता चहातल्या आल्याला कोणी बोल लावत नाही.

वही पुरी व्हायला फक्त माझी ओळ उरली. परवा पट्टा घेऊन आली. पहिल्याच फटक्यात तो दंडावर बरोबर जागी बसवला, ते पाहून मला जरा वाईटच वाटलं. चिडवायला काही उरलं नाही. तरी म्हणाले, "काय गं, पुस्तक खोटं पडलं ना मंग?"

पट्टा आवळत ती म्हणाली, "पुस्तक बराबर हाय, काकू. फक्त पुस्तकातल्या बाईच्या डोक्यावर पदर न्हाई. अन मोजताना पेशंटनं बोलू नये, हे बी त्याच पुस्तकात हाय. आता गप बसा, मला ऐकू द्या."