मामांच्या विमानाचं नाक

कुरुंद्याच्या माझ्या मामांइतका हट्टी माणूस उभ्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो मामांनीच कुठेतरी चिकटवून ठेवलेला असेल. फायबर दिसलं की मामा ते बोटांनी वाजवून बघतात. पाण्याची टाकी, एसटी स्टँडवरची खुर्ची, काहीही. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बग्गीवरचा फायबरचा मोर वाजवला आणि "माल बराबर हाय, पण जोड कच्चा" असा निकाल खुद्द नवरदेवाला ऐकवला. उडत्या कावळ्यालाही ते सोडत नाहीत. "वळताना पंख लई वाकवून राहिला," म्हणतात.

हे सगळं हळदीच्या शेडमध्ये बांधायला घेतलेल्या विमानापायी. सांगाडा झाला, पंख झाले, इंजिन चढलं. पण इंजिनावरचं फायबरचं नाक काही बसेना. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यावर अंथरायचं, त्यावर रसायन थापायचं आणि कडक होऊ द्यायचं, असा तो उद्योग. पहिलं नाक सैल झालं. इंजिन सुरू होताच उडून शेजाऱ्याच्या हळदीत पडलं. दुसरं इतकं घट्ट झालं की इंजिनाला टेकून थरथरीनेच तडकलं. तेव्हा मामींनी निर्वाणीचं सांगितलं, "औंदाची हळद शिजली की मला शेड रिकामी पायजे. तवर नाक बसलं तर ठीक, न्हाई तर विमान भंगारात." मामी एकदा बोलल्या की बोलल्या. मामांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

तिसऱ्या नाकासाठी मात्र त्यांनी कुरुंद्याचीच युक्ती लढवली. हळद कालवून इंजिनाच्या उंचवट्यांवर फासायची, वरून नाक टेकवायचं, काढायचं आणि आत जिथे पिवळा डाग उठेल तिथे घासायचं. पुन्हा हळद, पुन्हा डाग. मामी दारातून म्हणाल्या, "काहून हळद फासून राहिलात? लगीन हाय का त्याचं?"

"व्हय. वरात बी काढतो, बघ तू."

शेवटी एकदाचा डाग उठायचा थांबला आणि मामांनी स्क्रू आवळले.

उडवायची परवानगी यायची होती, म्हणून नुसतं पळवून बघायचं ठरलं. मामा आत बसले, इंजिनाने गाव हादरवलं आणि मोकळ्या वावरातून विमान सुसाट निघालं. सगळ्यांचे डोळे त्या नाकावर. विमान बांधाशी वळलं, परत आलं, थांबलं, आणि नाक जागच्या जागी! कुरुंदेकरांनी शिट्ट्यांनी वावर डोक्यावर घेतलं. मी तर घसा बसेपर्यंत ओरडलो. मामा मिशीला पीळ देतच उतरले.

मामी पुढे आल्या. त्यांनी नाकावरून हात फिरवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मला बी बसवा."

मामांचा चेहराच उतरला. इतकी वर्षं खपून केलेल्या त्या विमानात जागा एकाच माणसाची होती. "तुला बसायचं आसंल, हे ध्यानातच आलं न्हाई गं," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी मामींना हात धरून आत बसवलं आणि आम्ही दोघांनी मागून विमान ढकललं. मामी ताठ बसून समोर बघत होत्या. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला. बांधाशी पोचल्यावर मी दमून हात काढले. मामांनी मात्र एकट्यानेच विमान दुसऱ्या फेरीसाठी वळवलं.