नव्या भाताचं पान

माझे वडील ख्रिस्ती उपदेशक होते, आणि चांगले होते असं त्यांना ओळखणारे सगळे सांगतात. मला विचाराल तर जरा जास्तच चांगले होते. घरात मीठ संपलं म्हटलं तरी त्यांच्याकडं त्यावर एखादं वचन तयार असायचं. पस्तीसेक वर्षं ते सायकलवरून मनोरच्या पलीकडच्या पाड्यांवर फिरले. कॅरिअरला एकच पिशवी, तिच्यात खरजेचं मलम, तापाच्या गोळ्या आणि पवित्र शास्त्र. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नव्हतं, पण सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. कोणी बसून ऐकायचं, कोणी मलम घेऊन वाटेला लागायचं. पप्पांना दोन्ही चालायचं. "आपलं काम सांगायचं," ते म्हणायचे, "पुढचं प्रभूचं."

घरात मात्र फारसं काही चालायचं नाही. दुसऱ्या देवाला दाखवलेलं तोंडात घालायचं नाही, हा तर पहिला नियम. चौथीत असताना शेजारच्या काकूंनी दिलेला उकडीचा मोदक, गरम, वर तुपाची धार, मी पप्पांच्या सांगण्यावरून तसाच उलट पावली परत नेऊन दिला होता. काकूंचं तोंड एवढंएवढंसं झालं. तो मोदक मी विसरलेले नाही आणि पप्पांनाही विसरू दिलेला नाही.

आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत. हृदय आपल्या मर्जीनं चालतं. आई जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून ते बोईसरला माझ्याकडंच असतात. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवाळीनंतर एका सकाळी कंपनीच्या गेटसमोर चहा घेत होते, तेव्हा कंत्राटावर काम करणारा एक ओळखीचा माणूस जवळ आला. पप्पा ज्या पाड्यांवर जायचे तिथल्या एका म्हाताऱ्याचा हा मुलगा. म्हणाला, "बा गेला, ताई. भात कापायच्या आदी. मास्तरला सांग."

मी घरी येऊन पप्पांना सांगितलं. ते जेवत होते. हातातली भाकरी खाली ठेवून ते उठले, आणि त्या दिवसापासून त्यांची झोप गेली. गोळी देऊन पाहिली, दूध देऊन पाहिलं. खुर्चीत बसून राहायचे, डोळे टक्क उघडे. चौथ्या दिवशी मी चिडून विचारलं, तेव्हा म्हणाले, "त्याला मी कधी सांगितलंच नाही."

मला आधी कळलंच नाही. मग एकेक बाहेर आलं. पाड्यांवर जायला लागले त्याच पावसाळ्यात पप्पा त्या माणसाच्या अंगणात तापानं कोसळले होते. हिवताप. तो तेव्हा पप्पांच्याच वयाचा, ओळख ना देख. नऊ दिवस त्यानं त्यांना आपल्या घरात ठेवलं, पेज पाजली, घाण झालेले कपडे ओढ्यावर नेऊन धुतले. दहाव्या दिवशी पप्पा उठून बसले आणि त्यांनी पिशवीतून शास्त्र काढलं. तो म्हणाला, "आदी जेव. मंग बोल." पप्पा जेवले, आणि जेवल्यावर त्यांना बोलताच येईना.

"ज्यानं मला उचललं, त्याला कुठल्या तोंडानं सांगू की बाबा रे, तू बुडतोयस?" पप्पा म्हणाले. "म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू."

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. आदी जेव. पप्पा बरे होऊन घरी आल्यावर आईनं त्या माणसासाठी एक गोधडी शिवून पाठवली होती, ती त्यानं घेतली, अंगाभोवती गुंडाळून बघितली, आणि पप्पांना वाढलं. पस्तीस वर्षं पप्पांनी त्या सगळ्या डोंगरपट्टीला सुवार्ता सांगितली, ते एक घर सोडून. तिथं ते फक्त जेवायचे आणि दुपारचे झोपायचे.

मला हसू आलं. चुकलंच माझं. पप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी निमूटपणे भांडी घासायला गेले.

रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी पाळकांना गाठलं. आमचे पाळक तरुण आहेत. हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल भाड्यानं घेतलाय, सकाळी मराठी उपासना, मग कारखान्यातल्या लोकांसाठी हिंदी. त्या दोहोंच्या मधल्या वेळात, खुर्च्या सरकवण्याच्या गडबडीत, पप्पांनी विचारलं, "ज्यानं सुवार्ता कधी ऐकलीच नाही, त्याचं तारण होतं का?"

पाळक खुर्ची खाली ठेवून बसले. "काका, यावर मंडळीत पहिल्यापासून एकमत नाही," ते म्हणाले. "कोणी म्हणतं, नाव ऐकलं नाही, विश्वास ठेवला नाही, तर दार बंद. कोणी म्हणतं, ज्याला जेवढा उजेड मिळाला तेवढ्याचाच त्याला जाब विचारला जाईल. कोणी तर असंही मानतं की मेलेल्यांना भेटायला प्रभू स्वतः खाली उतरला होता. माझं विचाराल तर, मला माहीत नाही." त्यांच्या या शेवटच्या वाक्यासाठी मला तो माणूस आवडला.

पप्पांचं समाधान झालं नाही. "न ऐकलेल्याचं देव बघेल," ते म्हणाले. "पण ज्याला सांगायला पाठवलं आणि जो गप्प बसला, त्याचं काय? त्याच्या गप्प बसण्यानं दुसरा बुडाला असेल तर?"

पाळकांनी नुसता त्यांचा हात हातात घेतला. घरी येताना मी म्हटलं, "पप्पा, आमच्याकडं नमुना तपासलाच नाही तर त्याला नापास म्हणत नाहीत." ते म्हणाले, "देवाची प्रयोगशाळा तुझ्या कंपनीची नाही." तेही खरंच. पण त्यांचे गाल बसत चालले होते, चालताना भिंतीला धरावं लागत होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते की हे असंच चाललं तर हृदयाला झेपायचं नाही. मला त्या म्हाताऱ्याच्या तारणाची नाही, माझ्या बापाची काळजी होती. मी म्हातार्‍याच्या मुलाला पुन्हा गेटवर गाठलं. तो म्हणाला, "मास्तरला घेऊन ये. रविवारी आमी नवं खातो."

पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून रविवारची उपासना चुकवली. रिक्षा सांगून आम्ही मनोरला गेलो, तिथून हायवे सोडून आत. पुढं रस्ता संपला. तिथं तो मुलगा उभाच होता, त्यानं पप्पांना जवळजवळ उचलूनच वर नेलं. पप्पांच्या मांडीवर वाटभर ती जुनी पिशवी होती. आता तिच्यात मलम नव्हतं.

अंगण ताजं सारवलेलं होतं. म्हाताऱ्याची बायको दारात बसली होती, अगदी वाळलेली, डोळे मात्र लख्ख. तिनं पप्पांना बघितलं आणि म्हणाली, "मास्तर, लय थकले तुमी." पप्पा तिच्यासमोर जमिनीवरच बसले. मला वाटलं आता सांत्वनाचं काहीतरी बोलतील. पण ते सरळ म्हणाले, "बाय, तुझ्या नवऱ्याला मला एक गोष्ट सांगायची होती. ती मी कधी सांगितली नाही."

"ठाव हाय," ती म्हणाली. "तो बोलायचा, मास्तरच्या पोटात कायतरी हाय. सांगंल त्याच्या टायमाला."

पप्पांनी मान खाली घातली. याच्यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं.

तेवढ्यात आतून नव्या भाताचं पातेलं आलं. नवा भात घरातलं कोणीही खाण्याआधी घरातून गेलेल्यांना द्यायचा, अशी त्यांची रीत. अंगणाच्या कडेला सागाची पानं एका ओळीत मांडलेली होती. मुलगा एकेका पानावर मूठभर भात ठेवी, वर सुकटीचा एखादा तुकडा, आणि बाजूला मोहाच्या दारूचे दोन थेंब सोडी. म्हातारी बसल्या जागेवरून एकेकाचं नाव घेई. सासरा, सासू, दीर, लहानपणीच गेलेली एक मुलगी. पप्पा अशा वेळी एरवी उठून बाहेर गेले असते. त्या दिवशी त्यांच्यात उठण्याचं बळ नव्हतं, की मन नव्हतं, कोण जाणे.

ओळीच्या शेवटी दोन पानं राहिली. त्यातल्या एकावर मुलानं भात ठेवला, सुकट ठेवली, पण दारू सोडली नाही. तांब्यातल्या पाण्याचे दोन थेंब सोडले. आणि म्हातारीनं माझ्या आईचं नाव घेतलं.

मला वाटलं त्याच नावाची त्यांच्यातली कुणी असेल. पप्पांनीच विचारलं, "हे कोणाचं?"

"तुमच्या बायकोचं," म्हातारी म्हणाली. "ती गेली तवा तुमी हितंच बसून सांगितलं, तवा त्यानं तिचं नाव इचारलं होतं. तुमच्यात पान मांडीत नाय, तो बोलला. मंग ती उपाशी राहील. आपल्यात बसू दे. तवापासून मांडतो. तुमच्यात दारू चालत नाय ना, म्हनून पानी."

बारा वर्षं. त्या माणसानं माझ्या आईला कधी पाहिलं नव्हतं. तिची एक गोधडी तेवढी त्याच्या घरी आली होती. आणि दरवर्षी, स्वतः घास घेण्याआधी, तो तिला तिच्या रीतीनं पाण्याचं पान मांडत आला होता. मी लेक असून आईच्या आठवणीचा दिवस दोनदा विसरले आहे. मी सहजासहजी भारावणारी बाई नाही, पण त्या अंगणात मला चपला घालून उभं राहवेना. मी त्या काढून बाजूला ठेवल्या.

"आन हे?" मुलगा दारूचे थेंब सोडत होता त्या शेवटच्या पानाकडं पप्पांनी बोट केलं. त्यांचं बोलणं नकळत तिच्यासारखं झालं होतं.

"हे त्याचं. यंदाच मांडलं. पोर बोलत होता, बापाजवळ मांडू. पन जायच्या आदी तोच सांगून गेला, मला मास्तरच्या बायकोजवळ बसव. ती तिथं एकलीच परकी हाय, बुजत असंल."

आई प्रभूजवळ आहे याबद्दल पप्पांना कधी तिळभर शंका नव्हती. त्यांना सगळ्याचा संशय आला असेल, पण त्याचा नाही. ते त्या दोन पानांकडं बघत राहिले. पाणी सोडलेलं एक, दारू सोडलेलं एक, मध्ये वीतभर अंतर. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग त्यांनी पिशवी जवळ ओढली. "बाय," ते म्हणाले, "ती गोष्ट आता तुला सांगू का?"

"सांगा की," म्हातारी म्हणाली. "पन आदी जेवा."

तिनं आईचं पान उचललं आणि पप्पांच्या पुढ्यात ठेवलं. ज्याचं पान, त्याच्या घरच्या माणसानं ते खायचं असतं. पप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मला तो मोदक आठवला, आणि त्यांनाही आठवला असणार. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवून नेहमीची जेवणाआधीची प्रार्थना केली, आणि ते जेवले. एकेक शीत वेचून जेवले.

मग त्यांनी सांगितली. शास्त्र उघडलंच नाही. एक माणूस होता, त्यानं कोणाचं वाईट केलं नाही, त्याला गावाबाहेर नेऊन मारलं. त्याचे मित्र ऐन वेळी पळाले. सगळ्यात जवळच्यानं तर ओळखसुद्धा दाखवली नाही, तोंडातून शब्द काढला नाही त्याच्यासाठी. तिसऱ्या दिवशी तो उठला. मित्र मात्र शरमेनं परत आपल्या होडीवर गेले. जाळ्यात काही लागेना. पहाटे बघतात तर तो किनाऱ्यावर उभा. आता हा विचारणार, का पळालास, का गप्प राहिलास. पण त्यानं निखारे केले होते, वर मासे ठेवले होते. आणि ते किनाऱ्याला लागल्यावर तो काय म्हणाला...

इथं पप्पा थांबले. ही गोष्ट त्यांनी हजार वेळा सांगितली असेल. मी पोटात असल्यापासून ऐकते आहे. पण त्यांचं तोंड उघडंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"काय बोलला?" म्हातारीनं विचारलं.

"बोलला, आधी जेवा," पप्पा म्हणाले.

म्हातारीनं मान डोलावली, तिला त्यात नवल काही वाटलं नाही. "आमचा म्हातारा बी तसाच बोलायचा," ती म्हणाली, आणि आम्हाला भात वाढायला उठली.

परत येताना रिक्षा चिल्हारच्या रस्त्यावर खड्ड्याखड्ड्यांतून आदळत होती. मला पप्पांना विचारायचं होतं की आता तरी उत्तर मिळालं का. वळून पाहिलं तर त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. ते बोईसर येईपर्यंत गाढ झोपले होते.