बेहड्याच्या ढोलीपाशी कोण येत होतं?

माझ्या बोलण्यातलं निम्मं कापून ऐकायचं, ही आमच्या जीवशास्त्र विभागातली जुनी सवय. ताम्हिणीत मी पाहिलेला साप दर वर्षी हातभर वाढतो, असं विद्यार्थी म्हणतात... वाढतो, नाकारत नाही. पण भुताखेताचं म्हणाल तर आपण पक्के. एखादं भूत समोर आलंच, तर त्याला आधी रोल नंबर विचारेन असा मी माणूस! तरी हे लिहायला बसलोय.

भरे गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत किसनमामांचं रान आहे. बांधावर एक जुना बेहडा – कुतुबमिनार त्याच्यापुढे बुटका वाटेल (इथे थोडं कापा). त्याच्या ढोलीत राखी धनेशाची जोडी होती. या पक्ष्यांची रीत अशी, की मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. ती आणि पिल्लं, सगळी नराच्या आणण्यावर जगतात. माझी एमएस्सीची विद्यार्थिनी सानिया मुलाणी, पौडच्या बाजारपेठेतली, याच घरट्यावर प्रोजेक्ट करत होती. झाडाखाली आम्ही जाळी बांधलेली. वरून पडलेल्या बियांवरून नर काय आणतो ते कळायचं.

मे महिन्यात एका सकाळी नर खालच्या प्लॉटिंगच्या विजेच्या तारेखाली मरून पडलेला सापडला. आमच्या नराच्या चोचीचं टोक आधीपासून तुटलेलं होतं; याचंही तसंच, म्हणजे तोच. सानियाने ओढणीत गुंडाळून आणला. वनखात्याला कळवून, लेबल लावून मी स्वतः त्याला लॅबच्या फ्रीजरमध्ये ठेवला.

"सर, आता ती आत मरेल," सानिया म्हणाली.

"आपण निरीक्षण करतो. हस्तक्षेप करत नाही."

किसनमामा विडी शिलगावत होते. "म्हंजे ती पिल्लांसकट उपाशी मेली तरी तुमी निस्तं बघनार. बरं शिक्षान हाय."

सानियाने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या संध्याकाळी घरी परतताना चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये माझं शास्त्र हरलं... दोन दिवसांत भूगावच्या एका ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरची लांब शिडी घेऊन आम्ही वर पोचलो. सानियाच्या डब्यात जांभळं, वडाची फळं.

जाळीत जांभळाच्या बिया पडल्या होत्या. ओल्या, ताज्या.

"मामा, तुम्ही चढलात?"

"माझं गुडघं बघा आन् त्ये झाड बघा, सर. दारचा आंबा काढाया मी पुतन्याला बोलावतुया."

दुसरा एखादा नर आला असेल, मी म्हणालो. असं होऊ शकतं. शिडी आडवी ठेवली, कॅमेरा लावला आणि तिघंही आडोशाला बसलो. ऊन रणरणत होतं. वारा अजिबात नाही, पानही हलत नव्हतं.

ढोलीसमोरची फांदी खाली वाकली. काहीतरी येऊन बसल्यासारखी. फांदीवर काहीच नव्हतं.

फटीतून मादीची चोच बाहेर आली. उघडली. मिटली. तिने काहीतरी गिळलं. पुन्हा उघडली... मग फांदी वर उसळली, आणि थोड्या वेळाने एक बी जाळीत टपकन पडली.

मी भोपळ्याएवढं तोंड उघडलं असेल. सानियाने डब्याचं झाकण हळूच लावलं.

"गप ऱ्हावा," मामा म्हणाले. "खाऊ द्या तिला."

त्या दिवशी ते अनेकदा घडलं. पुढेही घडत राहिलं. कॅमेऱ्यात फांदी दिसते, चोच दिसते. देणारा दिसत नाही. परतल्यावर मी आधी फ्रीजर उघडला. तो होता, लेबलसकट.

पावसाच्या तोंडावर मादीने लिंपण फोडलं. नवी पिसं आलेली. ती आणि थोरलं पिल्लू कड्याकडे उडाली. धाकटं ढोलीच्या तोंडाशी अडून बसलं, ओरडत. मादी मागे फिरली नाही. सानियाने माझी बाही घट्ट धरली होती.

मग ती फांदी वाकली. पिल्लू ओरडायचं थांबलं. मान वाकडी करून त्याने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, चोच उघडली, गिळलं. फांदी सुटली तसं तेही हवेत झेपावलं – खाली गेलं, सावरलं, आणि कड्याच्या दिशेने गेलं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. सहकाऱ्यांनी व्हिडिओ पाहिला. कोणी वारा म्हणालं, कोणी कॅमेऱ्याचा दोष. वारा नव्हता, आणि आम्ही कॅमेऱ्यातून नाही, डोळ्यांनी पाहत होतो. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सानियाला विचारलं, नर मेल्यावर अन्न कोणी आणलं?

"आणलं, सर," ती म्हणाली. "कोणी, ते आम्हाला दिसलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यात एक शब्दही मला वाढवता आला नाही.