जांभळी काच

गंगाखेडहून परभणीला निघालेल्या एसटीत एक तरुण शिक्षिका जांभळाच्या रसाने रंगवलेली काच मांडीवर जपत बसली होती. विज्ञान प्रदर्शनात त्या काचेवर ऊन पाडून ती वीज निर्माण करून दाखवणार होती. काचेवरच्या आयोडीनचा वास येताच कंडक्टर गाडी थांबवून गरजला, "बाई, अ‍ॅसिड न्यायलाव का? उतरा खाली!"

तिच्या शेजारी खिडकीपाशी बसलेला मी, मुरलेला वकील, ताडकन उभा राहिलो. "कोणत्या नियमान्वये? मी वरिष्ठांना लेखी कळवीन!"

ती चिडली नाही. तिने काचेला वीजमापकाच्या तारा जोडल्या. काटा हलेना.

"काका, जरा बसता का? तुमची सावली पडायलीय."

मी बसलो. काटा सरकला.

"आयला, जांभळाची बिजली!" म्हणत कंडक्टरने घंटीची दोरी दोनदा ओढली अन् गाडी निघाली.

माझा इतका सौम्य आणि बिनतोड प्रतिवाद आजवर एकाही वकिलाने केलेला नाही.