गेरूच्या अकरा फुल्या

हसणार नाही असं वचन द्या, मग सांगते. बरं, राहू दे. आमची अख्खी गल्ली पोटभर हसून झाली आहे, तुम्हीच काय मागे राहायचं!

झालं काय, की मी एक गोष्ट लिहीत होते. सोनवळण नावाच्या गावाची. हे गाव महाराष्ट्रात आहे, नदीकाठी आहे आणि कुठल्याही नकाशात नाही. अडचण एवढीच, की मी जन्मापासून बनारसमध्ये! महाराष्ट्रात गेले ती दोनदा, दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाला. तिथलं गाव म्हणून मला फक्त मांडव आठवतो. मग गाव आणायचं कुठून?

आणलं आमच्याच गल्लीतून. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या चढून आलं की मिसिरजींचं चहाचं दुकान, त्यावर त्यांचं घर, मग पिंपळ, मग वळण. सगळं जसंच्या तसं उचललं आणि सोनवळणात नेऊन ठेवलं.

तिसऱ्या प्रकरणात तिथे पूर येणार होता. आणि माझा हट्ट असा, की पूर खरा वाटला पाहिजे. पाणी कुठवर चढेल, कुठली घरं वाहून जातील, हे नक्की नको का? म्हणून एका दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मी आईची शिवणकामाची टेप आणि गेरूचा खडा घेऊन निघाले. एकेक उंबरा मोजला, वहीत लिहिला. जे घर वाहून जाणार, त्याच्या दाराशेजारी एक लहानशी फुली. अशी अकरा घरं झाली. कुणाला सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं, आणि माझा आवाज ओळखीच्या माणसांसमोरही घशातच बसतो.

तुम्ही बनारसचे नसाल तर म्हणाल, फुलीच ती, त्यात काय एवढं? अहो, इथल्या जुन्या गल्लीत भिंतीवर लाल खूण दिसली की लोकांच्या मनात एकच अर्थ येतो. रस्ता रुंद होणार, घर पडणार!

पाच वाजता खिडकीतून डोकावले, तर खाली निम्मी गल्ली गोळा झालेली.

"नाप के गए हैं, नाप के!" मिसिरजी ओरडत होते. "फीता था हाथ में! अम्मा ने खुद देखा!"

"कितने लोग थे?"

"चार-पाँच!"

चार-पाच? मी एकटी होते हो! आणि तीही वर्गातली सगळ्यात बारीक मुलगी!

मिसिरजींची म्हातारी अम्मा उंबऱ्यावर बसून रडत होती. "मर जाब, बाकी घर ना छोड़ब!" दुकानाची भट्टी पेटलीच नव्हती. मिसिरजी गावच्या भावाला फोनवर सांगत होते, सकाळी ट्रॅक्टर पाठव, सामान हलवायचं आहे.

तेवढ्यात दामूकाकांनी वर पाहिलं. दामूकाका म्हणजे आमचे शेजारी. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करतात, त्यामुळे आवाज घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

"ए पोरी, खाली ये! तुझं अक्षर चांगलं आहे. अर्ज लिहायचाय, उद्या महापालिकेच्या साहेबाला द्यायला."

मी खाली गेले. सगळा धीर एकवटला. "काका, त्या फुल्या... मी..."

"हो हो, तूच लिहायचं! बस इथे."

बसले. ते सांगत गेले, मी लिहीत गेले.

"किसी दुष्ट व्यक्ति ने... लिहिलंस?"

"लिहिलं."

"दुष्टच्या आधी महा घाल."

घातलं. काय करणार? लोक खाली वाकून बघत होते आणि म्हणत होते, वाह, क्या लिखावट है!

मग सह्या सुरू झाल्या. अम्माची पाळी आली. तिचा अंगठा इतका थरथरत होता, की मिसिरजींनी धरून कागदावर टेकवला. ते मात्र मला बघवेना. तोंडाने जमत नव्हतं, पण पेन हातात होतंच. उरलेल्या जागेत मी आणखी एक वाक्य लिहिलं आणि कागद काकांना दिला.

काकांनी घसा साफ केला आणि संकल्प सोडावा तशा सुरात अर्ज वाचायला घेतला. वाचता वाचता शेवटच्या ओळीवर आले. "उक्त लाल निशान इस प्रार्थना-पत्र की लेखिका ने अपनी कहानी के लिए लगाए हैं, जिसके लिए वह क्षमाप्रार्थी है." पूर्ण वाचून झाल्यावर त्यांना कळलं, आपण काय वाचलं ते.

मग वरून आईचा आवाज आला. "तरीच म्हटलं, माझ्या टेपला शेण कसं लागलं!"

आणि सगळे जे हसायला लागले! मिसिरजी हसता हसता मटकन खाली बसले, डोळे पुसले आणि पुन्हा फोन लावला. "ट्रैक्टर मत भेजना, भइया!" लगेच भट्टी पेटली. कुणी मला एक शब्द रागाने बोललं नाही. इतकं हलकं वाटलं, की माझा घशात बसलेला आवाजही बाहेर आला. सगळ्यांना सोनवळण सांगितलं, नदी सांगितली, पूर सांगितला.

इथेच चुकलं. कारण अम्माने विचारलं, "तोहरे कहानी में हमरे घर क का होई?"

"बह जाएगा, अम्मा."

"अउर तोहार?"

मी वहीत पाहिलं. "हमारा... बच जाता है."

"कइसे? तोहार दुआर त हमसे दू सीढ़ी नीचे हौ!"

खरंच की! आमचा उंबरा तिच्याहून दोन पायऱ्या खाली. अख्खी गल्ली मोजली, आमचं घर मोजायचं सुचलंच नव्हतं!

अम्माने तिथल्या तिथे निकाल दिला. "बाढ़ आवे दा. बाकी खाली तोहरे घरे में!" पूर येऊ दे, पण फक्त आमच्याच घरात, या निकालावर गल्लीने माना डोलावल्या. आईनेही.

तेव्हापासून तिसरं प्रकरण पुन्हा लिहिते आहे. सोनवळणची नदी पायऱ्या चढून येते, अकरा घरांना ओलं न करता शिस्तीत वळते, आणि नेमकी आमच्या स्वयंपाकघरात शिरते.