मागे घेतलेला शोधनिबंध

मुफीदा सल्लामीचा बाप सफाक्स या बंदराच्या शहरात मिठागरांवर मुकादम होता. पोरगी रसायनशास्त्र शिकणार म्हटल्यावर तो एवढंच म्हणाला, "मिठाचं काहीतरी शोधून काढ." मिठाच्या वाटेला ती कधी गेली नाही. गावातल्याच एका संशोधन संस्थेत नोकरीला लागली आणि पेशी कशा मरतात, या विषयात तिने जन्म घालवला.

उन्हाने कातडीच्या पेशीतला डीएनए रोज थोडा बिघडतो आणि पेशी तो रोज दुरुस्त करते. काही माणसांच्या पेशींना ही दुरुस्ती जन्मापासूनच येत नाही. कैरुआनपलीकडच्या खेड्यांत नात्यातच लग्नं होतात, तिथे अशी मुलं बऱ्याच घरांत असतात. दोन वर्षांच्या वयात तोंडभर काळे ठिपके, दहाव्या-बाराव्या वर्षी गाठी. मुफीदाचा प्रश्न साधा होता. इतकी बिघडलेली पेशी खरं तर मरायला हवी. मेली तर काही त्रास नाही. पण जी मरत नाही तिचीच पुढे गाठ होते. मग ती का मरत नाही?

१९९५ साली त्या भागातल्या एका खेड्यातून तिला दलंदा नावाच्या बारा वर्षांच्या मुलीच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा मिळाला. पेशी वाढू लागल्या, पण फार हळू. दुरुस्ती मोजली, ती जवळजवळ शून्य. चौथ्या महिन्यात मात्र पेशींनी जोर धरला. आकारही जरा आखूड झाला. मुफीदाने वहीत लिहिलं, "आता रुळल्या." मग तिने त्या अतिनील दिव्याखाली धरल्या, तर मरेनात. तिने सतरा वेळा करून पाहिलं, सतरा वेळा तेच. दुरुस्ती नाही आणि मरणही नाही. तिला हवं होतं तेच नेमकं हाती आलं होतं.

शोधनिबंध १९९७ साली छापून आला. शेवटचं नाव विभागप्रमुख मुंजींचं; त्यांना सगळे मानाने 'सी मुंजी' म्हणत. परदेशांतून पत्रं आली, दोन बोलावणी आली, आणि त्या पेशींचा फोटो मोठा करून संस्थेच्या व्हरांड्यात लावला गेला.

सात वर्षांनी हॉलंडमधल्या हेनी नावाच्या तरुण संशोधक बाईची मेल आली. मुफीदाने पाठवलेल्या पेशी तिने सहज तपासल्या होत्या. तिने फार अदबीने लिहिलं होतं: या पेशी पुरुषाच्या आहेत, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल का?

मुफीदाने ते उभ्यानेच वाचलं. मग फ्रीजरमधल्या सगळ्या बाटल्या काढून तपासायला घेतल्या. अगदी सुरुवातीच्या तीन बाटल्या एका उन्हाळ्यात वीज गेली तेव्हाच खराब झाल्या होत्या. उरलेल्या सगळ्या पुरुषाच्या निघाल्या. तिने जुनी वही उघडली. पेशी 'रुळल्या' त्याच आठवड्यांत, त्याच टेबलावर, ती सी मुंजींच्या दुसऱ्या कामासाठी घशाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत होती. एक थेंब इकडचा तिकडे पडला की पुरे. कर्करोगाच्या पेशी दांडग्या असतात, महिन्याभरात सगळी बशी बळकावतात. दुरुस्ती मोजली होती ती त्याआधी, मरण तपासलं ते त्यानंतर.

ती वही घेऊन सी मुंजींकडे गेली.

"कोण वाचतंय आता ते?" ते म्हणाले.

"हॉलंडमधली ती बाई वाचतेय."

"तिला सांग, चिठ्ठ्या चुकल्या. पुढच्या महिन्यात तुझ्या बढतीची समिती बसतेय, मुफीदा. ती आटपू दे, मग काय घालायचा तो गोंधळ घाल."

"सी मुंजी, पेशी त्या मुलीच्या नाहीतच."

"मग तिच्या आण. त्याही मेल्या नाहीत तर निबंध खराच की! कुणाचं काही बिघडत नाही."

हे ऐकून आपल्याला हायसं वाटलं होतं, हे मुफीदा पुढे लपवत नसे.

त्याच आठवड्यात ती दलंदाच्या गावी गेली. घराच्या खिडक्यांना आतून जाड तपकिरी कागद चिकटवलेला होता. दलंदा आता एकवीस वर्षांची होती आणि मागावर बसून सतरंजी विणत होती. नाकावर चार वेळा शस्त्रक्रिया झालेली.

"आई, त्या बाई आल्यात गं," ती न उठता ओरडली. "औषध न देणाऱ्या डॉक्टरीणबाई!"

"जीभ आवर मेले," तिची आई मबरूका आतून म्हणाली. "ये पोरी, बस. आधी दोन घास खा." तिने तंदूरची गरम भाकरी, तेल आणि हरिसाची तिखट चटणी पुढे ठेवली.

मुफीदाला खाववेना. "मला पुन्हा एक तुकडा हवाय," ती म्हणाली.

"मागचा संपला वाटतं?"

"वाया गेला. माझ्या हातून त्यात दुसऱ्याच्या पेशी पडल्या. त्या माजल्या आणि तुझ्या संपल्या."

"दुसऱ्या कुणाच्या?"

"एका पुरुषाच्या. घशाच्या कर्करोगाने गेलेला कुणीतरी."

दलंदाचा हात थांबला. "म्हणजे नऊ वर्षं तुम्ही एका बाप्याला दलंदा म्हणत बसलात?" ती एवढी हसली की मबरूकाने तिच्या पाठीत धपाटा घातला. "बिचाऱ्याचं नाव तरी ठाऊक आहे का?"

"नाही."

हसू ओसरल्यावर दलंदा म्हणाली, "निबंध छापून आला तेव्हा तुम्ही इथे आला होतात. माझ्या पेशी मरत नाहीत, असं आईला सांगितलं होतंत. ही गावभर सांगत सुटली, माझी पोर मरायची नाही म्हणून."

मबरूका भाकरीचे तुकडे करत राहिली.

"मी तेव्हाच नीट समजवायला हवं होतं," मुफीदा म्हणाली. "त्याचा अर्थ तसा नव्हता. आणि आता तर तेही खरं नाही."

"मग खरं काय ते बघा." दलंदाने बाही वर केली. "डाव्या हाताचा घ्या. उजवा मला विणायला लागतो."

दवाखान्यातल्या डॉक्टरने घरी येऊन तुकडा काढला. या खेपेला मुफीदाने टेबलावर दुसरं काहीच येऊ दिलं नाही आणि पेशी कुणाच्या आहेत ते दर आठवड्याला तपासलं. सहाव्या आठवड्यात तिने त्या दिव्याखाली धरल्या. दुसऱ्या दिवशी बहुतेक पेशी बशीचा तळ सोडून वर तरंगत होत्या, मेलेल्या. तिने आणखी दोनदा करून पाहिलं आणि थांबली.

निबंध मागे घेत असल्याचं पत्र तिने स्वतः लिहिलं. सी मुंजींनी सही केली नाही. 'एका सहलेखकाची संमती नाही' असं खाली छापून ते प्रसिद्ध झालं. बढती गेली. त्याच निष्कर्षावर पुढचं काम करणारा एक विद्यार्थी दुसऱ्या विभागात निघून गेला. निवृत्त होईपर्यंत सी मुंजी तिला निरोप शिपायामार्फत देत. व्हरांड्यातला फोटो एका दुपारी तिने खुर्चीवर चढून उतरवला आणि कपाटामागे ठेवून दिला.

नव्या पेशींचा उपयोग मात्र झाला. हेनीबरोबर दोन वर्षं काम करून तिने दलंदाच्या डीएनएमधली चूक नेमकी शोधली. एका अक्षराचा फरक होता आणि त्या भागातल्या अकरा घरांत तो तसाच निघाला. जगाने दखल घ्यावी असं त्यात काही नव्हतं. पण बाळाच्या टाचेतलं थेंबभर रक्त घेऊन आता पहिल्या आठवड्यातच सांगता येऊ लागलं.

२०११ साली दलंदाच्या भावाला, लझरला, मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं, तर तिच्यातही तीच चूक. मुफीदाने फोन केला तो मबरूकाने घेतला.

"आता काय करू गं पोरी?"

"खिडक्यांना कागद लावा. आजच. उंबऱ्याबाहेर तोंड झाकल्याशिवाय न्यायची नाही."

दलंदा पाच वर्षांनी गेली, डोळ्यातल्या गाठीने, तेहेतिसाव्या वर्षी. मुफीदा तिसऱ्या दिवशी भेटायला गेली. मबरूकाने तिला आतल्या खोलीत नेलं. "तिच्या त्या पेशी तुझ्याकडे आहेत अजून?"

"आहेत."

"तिच्याच ना?"

"तिच्याच. गेल्या महिन्यात पुन्हा तपासल्या."

मबरूकाने मान हलवली आणि ती बाहेरच्या बायकांत जाऊन बसली.

लझरची रिहाब शाळेत जाते. तोंडावर जाळीची टोपी, हातात मोजे. पोरं तिला 'मधमाशीवाली' म्हणतात, ती त्यांना दगड मारते. आठव्या वर्षी तिच्या तोंडावर एकही ठिपका नव्हता.

मुफीदा २०१९ साली होती त्याच पदावरून निवृत्त झाली. तपासणी आता जिल्ह्याच्या रुग्णालयात होते. तिथल्या नोंदणीवाल्या बाईने तिला एक कागद पाठवला होता: वर्षभरात सव्वीस बाळं तपासली, दोघांत चूक सापडली. त्या दोन्ही घरांना फोन मुफीदानेच केले.